आधी माणूस

“काका, पावनीला जायला बस कुठून मिळते?”

वरच्या मजल्यावरच्या निनादनं हे विचारलं तेव्हा माझ्या हातात कॉफीचा पेला होता. तो गळून पडला वगैरे काही झालं नाही. माझ्या हातातलं काही पडत नाही. पेला घट्ट धरून मी तसाच उभा राहिलो. नऊ वर्षांत या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मी तशी ताकीदच दिली होती, आणि माझी ताकीद या घरात पाळली जाते. आणि हा पुण्याहून आलेला भाडेकरू, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोबाइल, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून पिठाची गिरणी कुठे आहे विचारावं तसं ते नाव घेऊन मोकळा झाला. मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “सिटी स्टँडवरनं, वरुणाची गाडी. नरसीपूर रोडला लागली की कंडक्टरला सांगून ठेव, नाय तर फुडं नेतो.” हे गोदावरी बोलली. माझी बायको. गुडघे दुखतात म्हणून जी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जात नाही, मंगळवारी फक्त देवळात जाते, ती. तिचा आवाज नेहमीसारखा होता. मागोमाग फोडणीचा आवाज आला, म्हणजे तिला आपण काय बोललो हे कळलंसुद्धा नव्हतं.

निनादला कशाचाच पत्ता नव्हता. तो आणि त्याची बायको गुंजन घरासाठी प्लॉट शोधत होते, म्हणून तो खूश होता. “गुंजनला आवडलाय तो ले-आउट. पण नाव भारीये ना काका? पावनी. तुम्ही नावांचे तज्ज्ञ, तुम्हाला माहीत असेल.” मी म्हटलं, “काय माहीत असेल?” तो म्हणाला, “कशावरून पडलं ते. ब्रोशरमध्ये दिलंय म्हणा. पूर्वी तिथे एक पवित्र झरा होता, लोकांना पावन करणारा, म्हणून पावनी.” एवढं सांगून त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं आणि गाडी काढून तो गेला. झरा! मला त्याच्या मागं धावत जाऊन ते हेल्मेट ओढून काढावंसं वाटलं. अरे गाढवा, ते नाव मी ठेवलं. अडतीस वर्षांपूर्वी, याच सरस्वतीपुरमच्या घरात, बाराव्या दिवशी, पाळण्यापाशी. आणि ठेवायच्या आधी दोन महिने गॅझेटियर चाळली, जुने नकाशे पाहिले. बायको, सासू, सगळे हसत होते. पोरीचं नाव ठेवायला नकाशा कशाला? मला असं नाव हवं होतं की ज्या नावाचं गाव नाही, नदी नाही, डोंगर नाही. फक्त एका माणसाचं नाव. माझ्या पोरीचं. सापडलं तेव्हा मी पेढे आणले होते.

माझं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय हा राग कुणाला कळायचा नाही. आम्ही मैसूरच्या राजाच्या घोडदळातल्या मराठ्यांची औलाद. तलवार गेली, घोडे गेले, नावापुढचा राव तेवढा राहिला. बाविसाव्या वर्षी मी शहरातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या ग्रंथालयात टायपिस्ट म्हणून लागलो. तिथं एक म्हातारे फादर होते. त्यांनी मला आधी हिब्रूची अक्षरं टाइप करायला शिकवली, मग वाचायला, मग समजायला. ते एक कोश करत होते. सेमिटिक भाषांतली अशी नावं, जी माणसाचीही आहेत आणि जागेचीही. बायबलात शखेम हे गाव, आणि शखेम हा त्या गावच्या सरदाराचा मुलगा. गिलाद हा डोंगराळ मुलूख, आणि गिलाद हा माखीरचा मुलगा. मम्रे हा अब्राहामाचा दोस्त, आणि मम्रे नावाची झाडांची राई. काइनानं तर पहिलं शहर बांधलं आणि त्याला पोराचं नाव दिलं, हनोख. जुन्या वंशावळ्यांत तर गावांना बाप असतात. बेथलेहेमचा बाप सल्मा. किर्याथ-यारीमचा बाप शोबाल. आधी कोण, माणूस की जागा, एवढाच प्रश्न, आणि तो प्रश्न साडेअकराशे कार्डांवर. फादर म्हणायचे, माणूस मरतो, जागा राहते. शंभर वर्षांनी पोरंटोरं विचारतात, या जागेचं नाव असं का? मग कुणीतरी म्हातारा एक पूर्वज रचून देतो. म्हणजे गिलाद नावाचा कुणी माणूस नव्हताच. डोंगर होता. माणूस मागाहून जन्माला घातला. फादर गेल्यावर कोश माझ्याकडे आला आणि मी त्यांच्याहून कडक झालो. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं खूण करायचो. कन्नडात केली असती तर संस्थेतल्या शिपायानंही वाचली असती, म्हणून देवनागरीत. जागा आधी असेल तर ‘स्थ’. माणूस आधी असेल तर ‘व्य’. ‘स्थ’ची कार्डं कपाटभर झाली. ‘व्य’ची एका खणात मावली.

एक एक ‘स्थ’ म्हणजे एक एक माणूस पुसलेला. तेव्हा असं वाटायचं नाही. तेव्हा शिस्त वाटायची. मी घरच्यांनाही सोडलं नाही. हुणसूरच्या अलीकडं एक वस्ती आहे, राणोजीकोप्पल. आमच्या वडिलांची श्रद्धा, की राणोजी हा आमचा मूळपुरुष, राजानं त्याला ती जमीन इनाम दिली, त्याच्या नावानं ती वस्ती वसली. दर वर्षी ते एसटीनं जाऊन तिथल्या मारुतीला नारळ फोडून यायचे. मी तिशीत होतो, ज्ञान नवं होतं. त्या मारुतीच्या मागच्या दगडावरची अक्षरं मी वाचली आणि घरी येऊन जेवणाच्या पानावर सांगितलं की हे गाव तुमच्या राणोजीच्या दोनशे वर्षं आधीचं आहे, राणोजी मागाहून चिकटवला. वडील भातावर ताक घेतलेलं तसंच ठेवून उठले. त्यानंतर ते नारळ फोडायला गेले नाहीत. मला वाटलं, पटलं त्यांना.

त्या कामात मला एकच माणूस मिळालं, आणि ते माझ्या घरातच होतं. पावनी सातवीत असताना माझ्या टेबलाखाली बसून ती अक्षरं गिरवायची. पुढं कॉलेज झालं, एम.ए. झालं, आणि ती माझ्याबरोबर संस्थेत बसू लागली. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं. ‘स्थ’ आणि ‘व्य’ म्हणजे काय हे जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि तिला. ती ‘श’च्या खणावर काम करत होती तेव्हा शेराचं कार्ड आलं. शेरा ही एफ्राइमची लेक. तिनं तीन गावं वसवली, खालचं बेथ-होरोन, वरचं बेथ-होरोन आणि उज्जन-शेरा. तिसऱ्या गावात तिचं नाव आहे. ते गाव नक्की कुठं होतं ते आज कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. बायबलात एका ओळीची बाई. मी कार्ड पाहिलं आणि सवयीनं ‘स्थ’ केलं.

“अप्पा, हे चूक आहे,” ती म्हणाली.

“काय चूक?”

“हिचे भाऊ मारले गेलेत. बाप पुष्कळ दिवस रडलाय, लोकं समजूत घालायला आलेत. अशा घरातली ही पोरगी उठते आणि गावं वसवते. हे उगीच कोण रचतंय? पूर्वज रचायचा तर मुलगा रचतात. मुलगी कोण रचतंय अप्पा?”

मी म्हटलं, भावनेवर कार्डं लिहीत नाहीत. ती म्हणाली, ही भावना नाही, हा पुरावा आहे. मी म्हटलं, पुरे. आठ दिवसांनी सहज खण उघडला तर माझी पेन्सिलीची खूण खोडलेली, आणि तिथं शाईनं ‘व्य’. शाईनं! मी पस्तीस वर्षांत शाई वापरली नव्हती. पेन्सिल अशासाठी, की उद्या आपण चुकलो असं कुणी दाखवून दिलं तर खोडता यावं. हे मीच तिला शिकवलं होतं. मी सगळ्यांसमोर तिला कामावरून उठवलं. उद्यापासून येऊ नकोस म्हणालो. ती आली नाही. महिन्याभरात तिनं वरुणाच्या मंजुनाथाशी रजिस्टर लग्न केलं. तो शेतकरी, कन्नड, चार म्हशी आणि तीन एकर भात. तो संस्थेच्या कँटीनला दूध घालायला यायचा, आणि ही बया त्याच्याशी बोलत उभी राहायची ते मी रोज खिडकीतून पाहत होतो. मी घरात सांगितलं, आजपासून हे नाव इथं नको. लोकांना वाटलं जातीवरून. मी वाटू दिलं. जातीचं कारण सगळ्यांना समजतं, कुणी हसत नाही. एका कार्डावरच्या दीड अक्षरावरून बापानं पोरगी टाकली असं सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्याच्या इस्पितळाचा रस्ता दाखवला असता.

दोन वर्षांपूर्वी ती डेंग्यूनं गेली. तीन दिवसांत. मंजुनाथाचा फोन गोदावरीनं घेतला. ती एकटी रिक्षानं गेली. निवृत्त झाल्यावर कोशाची कार्डं मी घरी आणली होती, मी टेबलाशी बसलो होतो. समोर शोबालचं कार्ड होतं, किर्याथ-यारीमचा बाप. मी ते पूर्ण केलं. तळटीप लिहिली, संदर्भ तपासला, कोपऱ्यात ‘स्थ’ केलं. गोदावरी संध्याकाळी परत आली, अंघोळ केली आणि मला जेवायला वाढलं. मी जेवलो. हे सगळं मी केलेलं आहे, दुसऱ्या कुणी नाही.

निनाद गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. “तुला वरुणाची बस कशी ठाऊक?”

तिनं गॅस बारीक केला. “जाते की. दर मंगळवारी. एन ईग? काय झालं मग?”

“देवळात जाते म्हणायचीस.”

“म्हणत होते. तुमी कुठं देवळाचं नाव इचारलं?”

मग तिनं फळीवरून रव्याचा डबा काढला. त्यात रवा नव्हता, तिकिटं होती. सरकारी बसमधली बायकांची फुकटची तिकिटं, मशीनमधून निघतात तसल्या पातळ कागदाची. तिनं ती कट्ट्यावर ओतली. वरच्या तिकिटांवर स्वच्छ छापलेलं होतं, कुठून सिटी, कुठे पावनी. कुठून सिटी, कुठे पावनी. खालची जुनी तिकिटं कोरी होती. ती शाई टिकत नाही, वर्षभरात उडून जाते. तरी तिनं ते कोरे कागद जपून ठेवले होते.

“काय आहे काय तिथं?” मी ओरडलो. “माती आणि दगड! चौकोन आखून विकायला ठेवलंय पोरीचं नाव!”

“ओरडू नका. सुम्मने ऐका जरा.” इतक्या वर्षांत ती मला असं बोलली नव्हती. “बसमधी बसले की कंडक्टर इचारतो, एल्ली? मी म्हणते, पावनी. मोठ्यानं म्हणते. तिथं उतरले की एक दगड हाय, त्याच्यावर बसते. गाडी आली की कंडक्टर आरडतो, पावनी, पावनी. टमटमवाला आरडतो. दूध घालाय येणारी बाई फोनवर सांगती, पावनीत हाय मी. दोन तास बसते, ईस वेळा तरी नाव ऐकते. साकु मला, तेवढं बास. ह्या घरात नऊ वर्सं कोण घेतलंय तिचं नाव? मी न्हाणीघरात नळ सोडून घेत होते. नळ सोडून!” एवढं बोलून तिनं तिकिटं गोळा केली, डब्यात भरली आणि सारूमध्ये मीठ टाकलं. त्या दिवशी तिनं दोनदा मीठ टाकलं, आणि मी ते तसंच जेवलो.

पण राग गेला नाही. राग कुणाचा, ते मला नीट लावता येईना. मंजुनाथाचा, कारण वरुणाकडची ती जमीन त्याचीच असणार, आणि त्यानं ती विकली. निनादचा, कारण तो विकत घेणार. त्या ब्रोशरवाल्याचा, कारण मेल्याला झरा सुचला. आणि गोदावरीचा, कारण तिला एवढ्यावर भागत होतं. मला दिसत होतं पुढं काय होणार ते. त्याच कामात माझा जन्म गेलाय. दहा वर्षांत तिथं पन्नास घरं होतील. वीस वर्षांत निनादची पोरं शाळेत निबंध लिहितील, आमचा परिसर. झऱ्याची गोष्ट लिहितील. मंजुनाथ मेलेला असेल, मी तर मेलेला असेनच. मग एखादा म्हातारा म्हणेल, छे, पावनी नावाची एक बाई होती, तिच्यावरून नाव पडलं. आणि माझ्यासारखा कुणीतरी हुशार, बाविसाव्या वर्षी चार अक्षरं शिकलेला, हसून म्हणेल, अहो ही लोकांनी मागाहून रचलेली बाई, असं सगळीकडं होतं. आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘स्थ’ करील. दोनच वर्षं झाली तिला जाऊन आणि झरा आधी आला! माझी पोरगी पुसायला सुरुवात झालीसुद्धा, आणि पुसण्याची रीत माझीच होती.

तर मी काय करावं? मला येतं तेच केलं. दोन दिवस खपून मी पंचायतीला अर्ज लिहिला, कन्नडमध्ये, मुद्देसूद. माझ्याकडं वरुणाच्या बाजूचा जुना सर्व्हे नकाशा होता. त्या जमिनीचं नाव त्यावर हुणसेतोपु, म्हणजे चिंचेची राई. मी लिहिलं की सदर जागेचं मूळ नाव हे असून पावनी हे नाव निराधार आहे, ते फलकावरून आणि बसथांब्यावरून काढून टाकावं. एकदा नाव निघालं की विक्री थांबेल, झरा आटेल, पोरगी माझी मला परत मिळेल, असं काहीतरी डोक्यात होतं. गोदावरीच्या मंगळवारचं काय होईल हा विचार आला नाही असं नाही. आला. मी तो बाजूला ठेवला. बाजूला ठेवणं मला चांगलं जमतं.

सोमवारी सकाळी अर्ज खिशात घालून मी निघालो. तिला सांगितलं, बँकेत जातो. सिटी स्टँडवर वरुणाची गाडी उभीच होती. ज्वारीच्या पोत्यासारखा कोंबला गेलो. कंडक्टर आला, पोरगेलासा, कानामागं पेन. “एल्ली?” मी तोंड उघडलं. घशातून काही येईना. नऊ वर्षांचा गंज होता तो, असा एका धक्क्यात निघणारा नव्हता. “एल्ली सार? बेग हेळी.” लवकर सांगा. मी म्हटलं, वरुणा. त्यानं वरुणाचं तिकीट फाडून दिलं. पुढचे स्टॉप मी खिडकीचा गज धरून काढले. डोंगराला वळसा घालून गाडी नरसीपूर रोडला लागली. उसाची शेतं आली, मध्येच एखादी नवी कमान, मध्येच भात, परत कमान. आणि मग तो ओरडला. “पावनी! पावनी इळीरी! होल्डान!” गाडी थांबली. किती सहज! घर झाडता झाडता आई हाक मारते तसं. एक शाळकरी पोरगी उतरली, एक म्हातारा कोंबडी घेऊन उतरला. मी उठलो. “नीवु वरुणा अल्वा सार?” तो म्हणाला. तुम्ही वरुणाचे ना? त्याला ढकलून मी उतरलो.

समोर लोखंडी खांबांवर मोठा फलक होता. कन्नडात आणि इंग्रजीत तिचं नाव, माझ्या उंचीएवढी अक्षरं. त्याखाली हिरव्या रंगात, पवित्र झऱ्याच्या कुशीत आपलं घर. त्याखाली फोन नंबर. मागं आखलेली लाल माती, पांढरे दगड, आणि एका कडेला तोडलेल्या चिंचेचे बुंधे. एका दगडाला बसून बसून तुकतुकी आलेली होती. मी त्या दगडाजवळ उभा राहिलो, बसलो नाही. तेवढ्यात मोटारसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. त्या माणसाचे केस पांढरे झाले होते. त्यानं मला पाहिलं आणि गाडी स्टँडवर न लावताच उतरला, ती एका अंगावर कलंडली, कॅन वाजले.

“मावा,” तो म्हणाला. मला कुणीही सासरा म्हणून हाक मारली नव्हती. “तुमी आले काय?” तो मराठी बोलत होता. आमची, घरातली मराठी. ती त्याला कुणी शिकवली हे विचारायची गरज नव्हती. वाक्याच्या शेवटी तो आवाज वर नेत होता, अगदी तिच्यासारखा.

मला जे बोलायचं होतं ते मी पाठ करून आणलं होतं. “लाज वाटत नाही तुला? बायकोचं नाव विकायला काढलंस?”

“इकलं न्हाय. जमीन दिली. म्हशी सांभाळाय ती न्हवती, मला एकट्याला म्हशी बी भात बी होत न्हवतं. देताना एकच मात, एकच गोष्ट बोललो, नाव तिचं पायजे. पेपरावर लिवून घेतलो.”

“आणि झरा?”

त्यानं मान खाली घातली. “ते मी न्हाय. भांडलो मी. ते म्हणाले, मेलेल्या बाईचं नाव म्हणून सांगितलं तर सैट, प्लाट कोण घेतंय? त्यांचं ते झरा लिवले.”

मी खिशातून अर्ज काढून त्याच्या अंगावर फेकल्यासारखा दिला. त्यानं हात शर्टाला पुसले आणि वाचायला लागला. तो हळू वाचत होता, एकेक शब्द ओठांनी, आणि मला कळत होतं कुठं पोचलाय. नकाशा. चिंचेची राई. मग तो एका ओळीवर थांबला. परत वाचली. मग ती त्यानं मोठ्यानं वाचली, कन्नडात, आणि मला ऐकावी लागली. या जागेशी संबंधित अशी या नावाची कोणतीही व्यक्ती होऊन गेलेली नाही.

“मावा, हे कोण लिवलं?”

ती ओळ लिहिताना माझा हात अडला नव्हता. सांगायची लाज वाटते, पण अडला नव्हता. चाळीस वर्षं हजारदा हेच लिहिलेला हात. त्याला कुणाचं नाव आहे हे बघायची सवय नव्हती. जुन्या चालीनं बैल घरी जावा तसा तो त्या ओळीवर गेला होता. खाली माझी सही होती. नरसिंगराव.

“मी लिहिलं,” मी म्हटलं.

अर्जाची घडी करून त्यानं तो माझ्या हातात परत दिला. मग म्हणाला, “तुमी बाप. तुमी म्हणले तर आज काढतो बोर्ड. खांबासकट उपटतो. मातर मंगळवारी अत्ते येतात, त्यांना तुमी सांगा. मला होणार न्हाय ते.”

“बोर्डाला हात लावलास तर बघ!” मी ओरडलो. केवढ्यानं ते मलाच कळलं नाही. पलीकडच्या शेतातला बगळा उडाला. मंजुनाथ दोन पावलं मागं सरला. मी फलकापाशी गेलो. खिशातली पेन्सिल काढली आणि झऱ्याच्या ओळीवर ओढली. पत्र्यावर पेन्सिल उठेना. टोक मोडलं. मग घराची किल्ली काढली, आणि तिच्या दातांनी तो हिरवा रंग खरवडायला लागलो. झरा गेला. कुशी गेली. हात दुखायला लागला, नखात रंग गेला, मी शिव्या देत होतो, कन्नडात, मराठीत, ब्रोशरवाल्याला, फादरांना, मला. नशीब, फादर ऐकायला नव्हते. मंजुनाथानं अडवलं नाही. तो आडवी पडलेली मोटारसायकल उभी करून, तिला टेकून बघत राहिला. ती ओळ पुरती गेल्यावर मी फलकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याशी गेलो, टाचा उंचावल्या आणि किल्लीनं पत्र्यात खोल कोरलं. ‘व्य’. ते खोडता येणार नाही. शाईनं लिहिलेलं मला चाललं नव्हतं, आणि आता मी पत्र्यात कोरत होतो.

“काय हे, मावा?” मंजुनाथानं विचारलं.

मी सांगितलं नाही. माझ्याशिवाय ते अक्षर वाचू शकणारं माणूस जगात एकच होतं.

परतीची गाडी यायला अर्धा तास होता. मी गोदावरीच्या दगडावर बसलो. अर्जाचे तुकडे केले आणि वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून परत खिशात कोंबले. मंजुनाथानं एका कॅनच्या झाकणात दूध दिलं, कच्चं, कोमट. मला कच्चं दूध सोसत नाही. प्यायलो. त्याला मी क्षमा केली असं त्यानं समजू नये म्हणून एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही. आज घरी गेल्यावर शेराचं कार्ड काढायचं होतं. तिनं शाईनं केलेल्या खुणेवर मी तेव्हा पांढरी पट्टी चिकटवून वर ‘स्थ’ लिहिलं होतं. पट्टी निघते का ते बघायचं होतं, पाण्यानं, वाफेनं, नाही तर नखानं. मग उरलेली कार्डं. किती वर्षं लागतील, आणि मला किती आहेत! अडुसष्टाव्या वर्षी माणसाला हे कळावं, याच्याएवढा संताप मला दुसऱ्या कशाचा आला नाही.

गाडी आली. भरलेली होती. दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी सरकून मला दांड्याला धरायला जागा दिली. तोच कंडक्टर, कानामागं पेन. त्यानं मला ओळखलं नाही. “एल्लिंद हत्तिद्री, सार?” कुठून चढलात?

मी सांगितलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

“जोरागि हेळी. केळ्सल्ला.” मोठ्यानं सांगा, ऐकू येत नाही.

“पावनी!” मी म्हटलं. “पावनी! पावनी!” पुढच्या सीटवरची माणसं मागं वळली. एक बाळ रडायला लागलं. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

“आयितु सार, केळस्तु,” कंडक्टर घाबरून म्हणाला. ऐकू आलं, झालं. त्यानं मशीन दाबलं, तिकीट माझ्या मुठीत दिलं आणि घाईनं पुढं सरकला.

त्याला ऐकू आलं होतं. तरी मी आणखी एकदा सांगितलं.